हाळी देणारा फोन

आमच्या ऑफिसात टेबलावरच्या सर्किट बोर्डाला हात लावायचा तर आधी खिडकीचा लोखंडी गज धरावा लागे. हा नियम मालकांनी केलेला नव्हता, उलट मालकांनाच तो सगळ्यात जास्त नडायचा. चौगुले साहेब काहीतरी बघायला घाईघाईनं यायचे, हात पुढं करायचे आणि टेबलापलीकडून आवाज यायचा, "सायब, गज!" साहेब मुकाट्यानं खिडकीपाशी जायचे, गज धरायचे आणि शाळेत उशिरा पोचलेल्या मुलासारखे परत यायचे. माणसाच्या अंगात साठलेली वीज बोर्डात उतरली की बोर्ड बंद पडतो, कधी कायमचा मरतो. गज धरला की ती वीज निघून जाते. एवढीच त्यातली मेख, पण नवीन माणसाला वाटायचं की इथं खिडकीत कुठलातरी देव बसवलाय.

तो आवाज वैजयंता बंडगरचा. आता ती आमच्यात नाही, विट्याला स्वतःचं वर्कशॉप काढून बसली आहे आणि फोन केला तर "कामाचं असंल तर बोल" म्हणते. आमचं ऑफिस म्हणजे माधवनगरातल्या एका यंत्रमागाच्या शेडचा वरचा मजला. खाली माग खडखडत असायचे आणि वर आम्ही. पहिल्या आठवड्यात नव्या माणसाचा घसा हमखास बसायचा. बंडगरचा कधी बसला नाही, कारण तिचा आवाज मुळात दोन टेकड्यांमधल्या बोलण्यासाठी घडलेला. ती मला "चहा घेनार काय?" म्हणाली तरी खालून एखादा मागवाला "व्हय!" म्हणून ओरडायचा. बऱ्याचदा त्याला चहा द्यावाही लागायचा.

मी थोरात, मलकापूरचा. फोनवरचं ॲप लिहिणं माझं काम आणि बोर्ड तिचा. ही दोन कामं इतर ठिकाणी वेगळी असतात, मधे भिंत असते, आणि काही बिघडलं की भिंतीवरून एकमेकांच्या अंगणात केर टाकता येतो. बंडगरनं ती सोय पहिल्याच महिन्यात बंद केली. "तुझ्यात चूक असंल तर मी शोधीन, माझ्यात असंल तर तू शोध" असा तिचा हिशेब होता. माझ्यातल्या ती पुष्कळ शोधायची.

तिला खुर्चीवर बसून सोल्डरिंग जमत नसे. जमिनीवर मांडी घालून, समोर पाट घेऊन ती बसायची आणि धुराकडं डोळे बारीक करून बघायची. यंत्राला तिनं कधी शिवी दिली नाही. मी लॅपटॉपला काही बोललो की म्हणायची, "त्याला कशाला बोलतुयास? त्येनं सांगितल्यालंच केलंय." आणि 'बहुतेक' हा शब्द तिच्यासमोर उच्चारायची चोरी होती. "झालं का?" असं तिनं विचारल्यावर मी "बहुतेक" म्हणालो की ती "म्हंजी न्हाई" म्हणायची आणि आपल्या कामाला लागायची. आमच्या घरी अजून मी बायकोला 'बहुतेक येतो' म्हणायला कचरतो.

मुलाखतीत चौगुले साहेबांनी तिला विचारलं होतं की प्रोग्रॅममधली चूक तू कशी शोधतेस. याचं उत्तर आम्ही सगळ्यांनी इंग्रजीत दिलं होतं, बरंच लांबलचक. ती म्हणाली, "मेंढरू हरवलं म्हनून आमी रानभर पळत न्हाई. शेवटचं कुठं दिसलंतं, तितं जाऊन उभं ऱ्हायाचं. तितनं माग काडायचा." साहेब खूश झाले. पुढं तेच तिचं पालुपद झालं. मागवाल्यांचा चष्मा हरवो की साहेबांची गाडीची किल्ली, तिचा प्रश्न ठरलेला, "शेवटचं कुठं दिसलंतं?" माझं लग्न जमेना म्हणून आई फोनवर रडकुंडीला आली होती, तर हिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, "आवं काकू, शेवटची पोरगी कुठं बगितलीती?" आईनं गाव सांगितलं. "मंग तितनं सुरवात करा की." आई खरंच त्याच गावाला परत गेली आणि तिथंच जमलं. लग्नात बंडगरनं आहेराऐवजी बायकोच्या कानात काहीतरी सांगितलं. ते काय होतं हे मला अजून कळलेलं नाही.

ती आटपाडीकडची, धनगराच्या घरची. त्या कोरड्या मुलखातली बरीच घरं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन मावळतीकडं निघतात, कडेगाव, कऱ्हाड करत घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. वडील ती लहान असतानाच गेले. चुलत्यानं, म्हणजे नानांनी तिला वाढवलं. मेंढरांबरोबर मुलीही निघायच्या, पाणी आणायला, कोकरं सांभाळायला. नानांनी हिला मात्र विट्याला आत्याकडं ठेवून शाळेत घातलं. त्यावर बरोबरच्या कळपाचा कारभारी मायाप्पा यानं तळावर सगळ्यांसमोर विचारलं होतं, "शाळा शिकून पोरगी मेंढरांस्नी विंग्रजी शिकिवनार व्हय?" नाना म्हणाले होते, "शिकीव म्हनलो तर शिकवंल बी." ही गोष्ट बंडगर आम्हाला वारंवार सांगायची आणि नानांच्या वाक्याला दरवेळी टेबलावर हात आपटायची. तिच्या दृष्टीनं तो वाद अजून मिटलेला नव्हता.

त्या वर्षी आम्ही घेतलेलं काम तिनंच आणलेलं होतं. कळपाला औषध पाजायचं, लस टोचायची तर मोठी पंचाईत असते. मेंढरं शेकड्यांनी, दिसायला एकसारखी, आणि गर्दीत कुणाला दिलं नि कोण राहिलं हे समजावं म्हणून पाठीवर रंगाचा फराटा ओढतात. मेंढरं एकमेकांना घासली की तो पुसतो. राहिलेलं मेंढरू आजार घेऊन सगळ्या कळपात हिंडतं आणि दोनदा पाजलेलं कधीकधी जागेवर पाय ताणतं. बंडगरची कल्पना साधी होती. मेंढीच्या कानात एक बिल्ला, हातात तो वाचणारा दांडा, दांड्याच्या बुडाशी तिचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, बोर्डातून निघालेली केबल फोनमध्ये आणि फोनात माझं ॲप. दांडा कानाजवळ नेला की हिला औषध दिलंय की राहिलंय हे फोननं सांगायचं. बोर्डाला लागणारी वीजही फोनच पुरवणार, म्हणून मधे केबल हवीच होती.

घोळ त्या केबलपासूनच सुरू झाला. फोनला केबल लावायची जागा एकच असते. ॲपच्या पोटात काय चाललंय हे बघायचं तर फोन लॅपटॉपला जोडावा लागतो, आणि जागेवर तर बोर्ड बसलेला. बोर्ड काढून लॅपटॉप लावावा तर सगळं नीट दिसायचं, पण बोर्डच नसल्यामुळं बिघाडही व्हायचा नाही. मी आपला केबल काढ, केबल घाल करत घामाघूम. ती बाजूला उभी राहून बघत होती. म्हणाली, "डाक्टर आला की पोटात दुखायचं थांबतंय, तसलं हाय ह्ये." मग तिनं फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर घेतले, दोघांची हवेतून ओळख करून दिली आणि केबलची जागा बोर्डाला मोकळी सोडली. फोनच्या पोटातली प्रत्येक हालचाल लॅपटॉपवर ओळीनं उमटायला लागली. मला ही सोय ऐकून माहीत होती, पण ती लावल्यावर मी खालच्या मागवाल्यांनाही चहा पाजला.

तिचं मात्र तेवढ्यावर समाधान नव्हतं. "रानात वायफाय कोन देनार? आनी मेंढरू धरायचं का लॅपटॉपकडं बगायचं?" म्हणाली. दुपारच्या सुट्टीत माग थांबले की ती गच्चीवर जायची आणि फोनवर स्वतःचा आवाज भरायची. ॲप एकेक पाऊल टाकेल तसं फोननं ते मोठ्यानं सांगायचं, अशी तिची युक्ती. "बोर्ड गावला." "वाचतोय." "हिला दिलंय." "हिची ऱ्हायलीया." केबल सुटली तर "बोर्ड गेला!" आणि परत लागली की "बोर्ड आला." बोर्ड नव्यानं जोडला की फोन एक प्रश्न विचारतो, या वस्तूला ॲपशी बोलू द्यायचं का. त्यासाठी "परवानगी मागतोय", आणि उत्तरांसाठी "व्हय म्हनले" नि "न्हाई म्हनले". मी म्हणालो, अगं, नाही कोण म्हणणार आहे, हे कशाला भरतेस? "जितं वाट फुटती तितं खूण पायजेच," एवढंच म्हणून ती परत गच्चीवर गेली.

त्या दिवसांत आमच्या ऑफिसात फोन अक्षरशः हाळी द्यायचा. मी जिन्यात असलो तरी मला कळायचं की ॲप कुठं अडकलंय. खालचे मागवाले "बोर्ड गेला!" ऐकू आलं की "आरं आरं आरं!" म्हणायचे. एकदा पुण्याहून एक बडे गृहस्थ काम बघायला आले. साहेब त्यांना अदबीनं माहिती देत असताना त्यांच्या पाठीमागून एकदम "हिची ऱ्हायलीया!" अशी आरोळी उठली. गृहस्थ दचकून बाजूला सरले. त्यांच्याबरोबर त्यांच्या मिसेसही होत्या, त्यामुळं जरा जास्तच.

त्यानंतर साहेबांनी फर्मान काढलं की हे गावरान ओरडणं बंद, नानांच्या कळपावर पहिल्यांदा दाखवायला नेताना ॲप शांत आणि सुबक पाहिजे. पुढं लागलाच आवाज तर पुण्याच्या एखाद्या बाईंचा गोड आवाज घेऊ. "गोड आवाजाकडं मेंढका बगत न्हाई, सायब," बंडगर म्हणाली. पण मालकांचा शब्द होता. तिनं आवाज काढून टाकले.

नानांनी तोवर वाटेवरच्या सगळ्या कारभाऱ्यांना सांगून ठेवलं होतं, "माझ्या पुतनीनं केलंय. बगाय या." कडेगावच्या पुढं एका मोकळ्या रानात त्यांचा तळ होता. सकाळची कोरडी थंडी. मेंढरं जाळीच्या कुंपणात कोंडलेली. नाना उंच, सडसडीत, खांद्यावर काळं घोंगडं, मोजकं बोलणारे. मायाप्पा ठेंगणा, टोकदार मिशीचा, उकिडवा बसून काठीनं जमिनीवर रेघा ओढत होता. एका हातात दांडा, एका हातात फोन घेऊन नाना कुंपणाच्या तोंडाशी उभे राहिले आणि एकेक मेंढी पुढं यायला लागली.

सुरुवातीला झकास चाललं. फोनवर 'राहिलंय' दिसलं की गडी औषध पाजायचा, मग हिरवी खूण उमटायची, नाना मान हलवायचे, मेंढी पलीकडं जायची. बऱ्याच वेळानं मायाप्पा उठला, पलीकडं गेलेल्या एका मेंढीचा जबडा त्यानं उघडला आणि वास घेतला. "हिला कवा पाजलं?" पाजणारा गडी गोंधळला. "फोन 'दिलंय' दावतुया की." मायाप्पानं दुसरी तपासली, तिसरी तपासली. फोन केव्हाचा तरी गोठला होता आणि समोर येईल त्या मेंढीला आधीच्याच मेंढीचं उत्तर दाखवत होता. नेमका केव्हापासून, हे कुणालाच सांगता येईना. कोण राहिलं, कुणाला दिलं, सगळा काला.

"तुझं यंतर न दिल्यालं बी दिलं म्हनतंय, नाना," मायाप्पा म्हणाला. "आमची रंगाची डबी बरी." लोक हसले. नानांनी दांडा पुसला आणि बंडगरकडं दिला. ज्यांनी एवढ्या लोकांना हौसेनं बोलावलं होतं, त्यांची ती मान खाली गेलेली मला बघवली नाही. बंडगर म्हणाली, "नाना, घाटाच्या आलीकडं मी परत येती." नाना म्हणाले, "ये. आजून एकदा बगू. घाटाखाली न्यायचं का न्हाई त्ये मंग ठरंल." म्हणजे एकच संधी होती. ती गेली असती तर मायाप्पाच्या त्या जुन्या प्रश्नाला उत्तर मिळाल्यासारखं झालं असतं, आणि ते नानांना उरलेला जन्म तळावर बसून ऐकावं लागलं असतं.

माधवनगरला आल्यावर ॲप असं चाललं की बघत राहावं. हलवून बघितलं, केबल वाकवून बघितली, फोन तापवून बघितला. लॅपटॉपवर सगळ्या ओळी निर्मळ. मी म्हणालो, "बहुतेक केबल सैल असेल." तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मग स्वतःशीच म्हणाली, "शेवटचं कुठं दिसलंतं? नानांच्या हातात. मंग नानांच्याच हातात बगाय पायजे." आणि साहेबांना न विचारता तिनं आपले सगळे आवाज परत आत घातले.

दुसरा तळ कऱ्हाडच्या अलीकडं पडला होता. आम्ही भल्या सकाळी पोचलो. मायाप्पा आणि बाकीचे कारभारी आलेलेच होते, तमाशा कोण सोडतो? बंडगरनं केबल जोडली, परवानगीला स्वतःच होकार दिला, नानांनी दांडा हातात घेतला आणि फोन मोठ्यानं म्हणाला, "बोर्ड गावला!" दोन-चार मेंढरं बिचकली. एक म्हातारा म्हणाला, "ही तर वैजीच बोलाय लागली." मेंढ्या पुढं सरकू लागल्या. "वाचतोय. हिची ऱ्हायलीया." पाजली. "वाचतोय. हिची ऱ्हायलीया." पाजली. आणि मग एकदम फोननं हाळी दिली, "बोर्ड गेला! बोर्ड आला. परवानगी मागतोय. न्हाई म्हनले."

आणि फोन गप्प झाला.

"थांबा!" बंडगर ओरडली. "न्हाई कोन म्हनलं?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. नाना शांतपणे म्हणाले, "मी."

"तुमी? आवं कशापाय?"

"त्येनं कायतरी इचारलं. तूच सांगितलंयास गेल्या साली, फोन कायबी इचारू दे, न्हाई म्हनायचं. न्हाईतर लुबाडत्यात."

बंडगर आ वासून उभी राहिली. मग ती जी हसायला लागली ती खालीच बसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आवं नाना, मी हे निम्म्या तालुक्याला सांगितलं. ऐकलं त्ये तुमी एकल्यानं!" नानांना यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही, पण आपण बरोबर वागलो एवढं त्यांना समजलं आणि त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं.

अर्धा माग लागला होता. पण बोर्ड मुळात गेलाच का? केबल तर कुणी ओढली नव्हती. माझ्या फोनचं वायफाय चालू करून मी लॅपटॉप मोटरसायकलच्या सीटवर मांडला, नानांचा फोन हवेतून त्याला जोडला आणि बोर्ड आपल्या जागी तसाच ठेवून पुन्हा परवानगी दिली. बंडगर नानांच्या पुढ्यात उभी राहून त्यांच्या हातांकडं बघत होती. मेंढी आली, गेली. दुसरी आली. नानांच्या खांद्यावरचं घोंगडं घसरलं, त्यांनी ते वर ओढलं, परत दांडा धरला आणि त्यांचा हात किंचित झटकला गेला. त्याच क्षणी फोन ओरडला, "बोर्ड गेला!" आणि लॅपटॉपवरही तीच ओळ उमटली.

"काय झालं, नाना?"

"काय न्हाई. चावतंय मधनं मधनं."

"आनी आजपातूर बोलला न्हाई?"

"मेंढराची लाथ बसली तर सांगत बसतो व्हय कुनाला?"

कोरड्या थंडीत लोकरीचं घोंगडं अंगावर घासून जी वीज साठते, ती दांड्याच्या लोखंडातून थेट बोर्डात उतरत होती. बोर्ड क्षणभर मरायचा, परत जागा व्हायचा, फोन पुन्हा परवानगी मागायचा आणि नाना इमानानं नाही म्हणायचे. बंडगर कपाळावर हात मारून माझ्याकडं वळली. "सायबाला गज धराय लावती मी, थोरात. आनी हितं आली की नुसती पुतनी होती." माधवनगरात घोंगडं पांघरणारं कुणी नव्हतं, म्हणून तिथं फोन कधी अडलाच नव्हता.

मी साहेबांना फोन लावला. साहेब खूश होऊन म्हणाले, अरे मग सोपं आहे, त्यांना घोंगडं बाजूला ठेवायला सांगा. बंडगरनं फोन माझ्याकडून घेतला. तिचा आवाज तेव्हा चढला नव्हता, उलट खाली आला होता. "न्हाई सायब. घोंगडं अंगावर घेतल्याबिगर आमचा मानूस मेंढरात शिरत न्हाई. घोंगडं त्येंचं हाय, यंतर आपलं हाय. बदलायचं तर आपलं बदलायचं." तेवढं बोलून तिनं फोन मला परत दिला. साहेब म्हणाले, "तिला म्हणावं, कर." मला त्या क्षणी आमच्या ऑफिसचा, साहेबांचा आणि सगळ्यात जास्त तिचा अभिमान वाटला.

ती जमिनीवर मांडी घालून बसली. लोखंडी दांडा तिनं मोडीत काढला. नानांची जुनी लाकडी काठी मागून घेतली, बिल्ला वाचायची चकती तिच्या टोकाला सुती दोरीनं बांधली आणि बोर्ड आपल्या प्लास्टिकच्या डब्यात बसवला. त्यातली भाकरी तिनं आधी मला खायला लावली. मी तिथंच ॲपमध्ये दुरुस्ती करत होतो. बोर्ड गेला तर जुनं उत्तर पुसायचं, परत आला तर आपणहून जोडून घ्यायचं, आणि परवानगी एकदा कायमची दिली की पुन्हा विचारायचं नाही. मेंढरं बें बें करत होती. मायाप्पा चुळबुळत होता. "ऊन चढायच्या आत हलायचं हाय आमाला," तो दोनदा म्हणाला. नाना मेंढरं आवरून धरत उभे होते.

"झालं का?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "झालं."

बंडगरनं फोन नानांच्या हातात दिला. पडद्यावर तो प्रश्न आला आणि नानांचा अंगठा सवयीनं नकाराकडं निघाला. "नाना, ह्येला व्हय म्हना. यवढं एकदाच." नानांनी प्रश्नाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. "खात्री हाय न्हवं पोरी?" सगळा तळ ऐकत होता. "हाय," ती म्हणाली. नानांनी अंगठा टेकवला.

मग कुंपणाचं तोंड उघडलं. मेंढ्या येत राहिल्या, नाना घोंगडं वर ओढत राहिले आणि फोन न थकता सांगत राहिला. एकदा मधेच "बोर्ड गेला!" झालं. पण पुढच्या श्वासाला "बोर्ड आला. वाचतोय. हिची ऱ्हायलीया" म्हणून गाडी पुढं चालू. हातातलं काम सोडून माणसं जवळ आली. मायाप्पाला राहवेना. त्यानं पाजलेली एक मेंढी गुपचूप धरली, या खेपेला गड्यानं खबरदारी म्हणून तिच्या पाठीवर ओढलेला रंग पुसला आणि परत रांगेत घुसवली. "हिला दिलंय," फोन म्हणाला. त्यानं न पाजलेल्या एकीच्या पाठीवर आपल्या डबीतला रंग फासला आणि ती पुढं ढकलली. "हिची ऱ्हायलीया." एकदा त्यानं एकच कोकरू दोन वेगवेगळ्या बाजूंनी आणून बघितलं. फोन फसला नाही. शेवटी रंगानं माखलेले हात धोतराला पुसत तो नुसता उभा राहिला.

शेवटची मेंढी गेली. बिऱ्हाडं घोड्यांवर लादायला सुरुवात झाली. बंडगर केबल गुंडाळत होती. मायाप्पा तिच्यापाशी आला, घसा खाकरला आणि म्हणाला, "पोरी, आमच्या मेंढरांस्नी कवा लावतीस?"

तिनं मान वर केली नाही. "मला कशाला इचारता, मामा? नानांस्नी इचारा की."

नाना रानाच्या दुसऱ्या टोकाला घोड्याचा पट्टा आवळत होते. तिथवर जायला मायाप्पाला सगळ्यांच्या देखत मधलं रान चालून जावं लागलं. सगळे कारभारी बघत होते. नानांनी सगळं ऐकलेलं होतं, तरी पट्टा पुरता आवळून झाल्यावरच ते वळले. "काय रं, मायाप्पा?"

"न्हाई, म्हनलं, तुझ्या पुतनीला आमच्यात बी धाड की. यंतर घिऊन."

नानांनी पटका सारखा केला, छाती भरून श्वास घेतला आणि अख्ख्या रानाला ऐकू जाईल अशी हाळी दिली, "वैजेऽऽ! मायाप्पा बलावतुया! सवड हाय का तुला?"

बंडगर उठून उभी राहिली. गुडघ्यांना माती, केसांत लोकर, गळ्यात केबलचं वेटोळं. दोन्ही हात तोंडाशी धरून तिनं उलट हाळी दिली, "तुमी म्हनशीला तवाऽऽ, नाना!"

आणि मायाप्पा काठी काखेत धरून मधे उभा होता, एकदा इकडं बघत, एकदा तिकडं.